जातीने हजर राहावे

घरी येऊन मी सांगितलं, प्रोबेशन मिळालं. शेजारची मावशी धावत आली. मायले म्हणाली, "पोट्ट्याले नोकरी लागली का वं? किती वर्साचं प्रोबेशन हाय? मंग परमनंट करतेत ना?"

माय गप्प. मावशीचा तरी काय दोष? माय धरमपेठेतल्या चार घरी भांडी घासते. त्यातल्या एका घरचा पोरगा बँकेत लागला, तेव्हा प्रोबेशनचे म्हणून दोन पेढे तिच्या हातावर वरून टाकले होते. तेव्हापासून प्रोबेशन म्हणजे पेढे, एवढंच आमच्या गल्लीला ठाऊक.

दोस्तहो, शब्द एकच आहे. ताटं दोन आहेत. त्यांच्या पोराचं प्रोबेशन म्हणजे नोकरीतली पहिली वर्षं, पगार चालू, खुर्ची पक्की होण्याची वाट पाहणं. आमच्या पोराचं प्रोबेशन म्हणजे गुन्हा शाबीत झाला, पण पहिलाच आहे, पोरगं तरणं आहे, म्हणून जेलात न घालता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. त्यांना प्रोबेशनमध्ये पैसे मिळतात. आम्हाला प्रोबेशनमध्ये पैसे लागतात. अन् हातात काम नसताना हे पैसे कुठून आणायचे, हे ना कायदा सांगत, ना कोर्ट, ना सरकार.

आधी गुन्हा सांगतो. लपवत नाही. वर्धा रोडकडच्या एका बांधकामावर मी बावीस दिवस गिट्टी वाहिली. रोज पाचशे. अकरा हजार झाले. मुकादमानं आज देतो, उद्या देतो करत दीड महिना झुलवलं. शेवटी आम्ही पाच जण मागायला गेलो. त्यानं पैसे दिले नाहीत, जात काढली. माझ्या हातात फावड्याचा दांडा होता. मी हाणला. त्याच्या डोक्याला चार टाके पडले. मारायला नको होतं, हे मला कोर्टानं सांगायची गरज नव्हती. रक्त पाहून माझे मलाच कळलं. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. जुन्या भारतीय दंडविधानाचं ३२४ कलम लागलं. दोन रात्री लॉकअप. मायचं डोरलं सोनाराकडे गेलं, तेव्हा बेल झाली. ते डोरलं अजून सोनाराकडेच आहे.

मग तारखा. तारखेमागून तारखा. प्रत्येक तारखेला एक रोजी बुडाली. यंदा निकाल लागला. गुन्हा शाबीत. शिक्षेऐवजी एक वर्षाचा बाँड पंधरा हजारांचा, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. दर महिन्याला प्रोबेशन ऑफिसरकडे हजेरी. शिवाय मुकादमाला पाच हजार भरपाई, सहा महिन्यांच्या आत.

नीट वाचा. मुकादमाकडे माझे अकरा हजार. माझ्याकडे मुकादमाचे पाच हजार. त्याच्या पाच हजारांमागे पोलिस आहेत, कोर्ट आहे, कागद आहे. माझ्या अकरा हजारांमागे कोण आहे? वकील म्हणाले, "ते वेगळं प्रकरण, त्यासाठी वेगळीकडे अर्ज करावा लागेल." वेतन अदायगीचा कायदा १९३६ सालीच झाला होता म्हणे. असेल. पण माझं नाव कोणत्या मस्टरवर होतं? मुकादमाच्या खिशातल्या डायरीवर. ती डायरी पुराव्यात कोण आणणार? मुकादम?

ज्यानं चोरी केली तो फिर्यादी. ज्याची मजुरी चोरली तो आरोपी. लोकशाहीच्या नावानं चांगभलं!

*

कोर्टाच्या बाबूनं मला कागद दिला. त्यावर एक ओळ होती: ठरल्या तारखेस जातीने हजर राहावे.

हा जुना फारशी वळणाचा शब्द. इथं जात म्हणजे स्वतः. जातमुचलका म्हणजे स्वतःचा लेखी शब्द. हे मला माहीत आहे. पण हा कागद हातात घेऊन मी वर्षभर हिंडलो तर प्रत्येक टेबलावर मला कळतं की मी खरंच जातीनंच हजर होतोय. जातमुचलक्यातली जात जात नाही, साली.

"जामीनदार आण," बाबू म्हणाला. "सातबारा हाय का बे कोनाचा?"

सातबारा! मित्रांनो, जमीन आणि जामीन यांच्यात फरक किती? एका कान्याचा. जमीनदार आणि जामीनदार यांच्यात फरक किती? तोच एक कान्याचा. ज्याच्याजवळ जमीन त्याला जामीन. ज्याच्या सात पिढ्यांना जमीन धरू दिली नाही, त्याच्याकडे आज सातबारा मागायचा! सातबारा नसेल तर घरटॅक्सची पावती आण. आमची वस्ती नझूलच्या जागेवर. चाळीस वर्षं राहतो, पट्टा नाही. निवडणूक आली की पट्टे वाटतो म्हणतात, निवडणूक गेली की नोटीस लावतात. टॅक्स पावती नसेल तर पगारपत्रक आण. पगारपत्रक असतं तर मी गिट्टी वाहिली असती का?

मामाजी पवनीकडून आले. भंडारा जिल्ह्यात त्यांची दीड एकर धानाची जमीन. सातबारा छातीशी धरून आले बिचारे. बाबूनं पाहिला, परत दिला. "भंडाऱ्याचा चालत नाही. लोकल पाहिजे." मामाजी म्हणाले, "साहेब, जमीन तं हिंदुस्थानातच हाय." बाबू हसला. आम्ही परत आलो.

आता यात कायदा किती आणि खुर्ची किती, ते पाहू. १९५८ साली प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अॅक्ट झाला. कायद्याचा हेतू चांगला आहे, हे मी मान्य करतो. पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला जेलात घालून पक्का गुन्हेगार बनवू नये, त्याला त्याच्या माणसांत राहू द्यावं. चौथं कलम सांगतं की जामीनदार घेऊन किंवा जामीनदाराशिवाय, नुसत्या बाँडवर माणसाला सोडता येतं. जामीनदाराशिवाय! हा शब्द कायद्यातच आहे. मग तो आमच्या वाट्याला का येत नाही?

कारण त्याच कलमाला खाली एक शेपूट आहे. गुन्हेगाराला किंवा त्याच्या जामीनदाराला कायमचं राहण्याचं ठिकाण किंवा नियमित कामधंदा असल्याची कोर्टाची खात्री झाल्याशिवाय सोडायचं नाही. कायमचं ठिकाण किंवा नियमित कामधंदा. ह्या चार शब्दांत आमचा सगळा इतिहास अडकला आहे.

ह्या देशात नियमित कामधंदा कोणाला होता? आम्हालाही होता. मेलेली ढोरं ओढायची, हा अगदी नियमित धंदा होता. गावाची घाण उपसायची, हा कायमचा धंदा होता. त्याची कधी मंदी आली नाही. तो आम्ही बाबासाहेबांच्या शब्दावर फेकला. मग शहरात आलो. मुंबईच्या गिरण्यांत साच्यावर आम्हाला घेत नसत. धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे, मग दुसरा विणकर बाटेल ना! पगार जास्त त्या खात्याचं दार आम्हाला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न विचारला होता. इथं नागपुरात १८७७ साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पिढ्यान् पिढ्या वस्त्यांच्या वस्त्या भोंग्यावर उठल्या. भोंगा बंद झाला. आज त्या जागेवर मॉल आहे. मॉलच्या दारात निळ्या-काळ्या गणवेशात उभा असलेला वॉचमन पाहा. तो कुठल्या वस्तीचा आहे, विचारून पाहा. कंत्राटी आहे की कायम, तेही विचारा.

ज्यांनी नियमित काम ठेवलंच नाही, तेच आता नियमित काम दाखवा म्हणतात. विहीर बुजवायची आणि तहानेल्याला विचारायचं, तुझा पोहरा कुठं आहे?

*

कोर्टाबाहेर झाडाखाली एक माणूस बसतो. त्याला सगळे ओळखतात. भाड्याचा जामीनदार. तीन हजार द्या, तो तुमचा मावसभाऊ होतो. चार हजार द्या, शेजारी होतो. त्याचे कागद तयार असतात, कोणाचे ते विचारू नये. मला म्हणाला, "घाबरू नको बे, समदे असंच करतेत."

म्हणजे पाहा. मी वर्षभर चांगली वर्तणूक ठेवीन, असं मला लिहून द्यायचं होतं. अन् त्या चांगल्या वर्तणुकीचा पहिला धडा काय? खोटा जामीनदार विकत घे. कोर्टाच्या आवारातच हा वर्ग भरतो.

मी घेतला नाही. फार तत्त्वाचा आहे म्हणून नाही. तीन हजार नव्हते म्हणून.

मग आपल्याच लोकांकडे गेलो. हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिलं पाहिजे. आमच्या नात्यात एक साहेब आहेत. राखीव जागेवर लागले, बेसाजवळ बंगला बांधला, दारावर अशोकचक्र आहे, हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे. फोटोखाली बसून ते मला म्हणाले, "आपल्याला कोर्टकचेरीच्या भानगडीत पडता येत नाही रे. पोझिशनचा प्रश्न असतो." साहेब, तुमची पोझिशन कोणाच्या लाठ्या खाण्यातून आली? १९७८ साली नामांतरासाठी ह्या शहरातल्या वस्त्यांनी पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या, तेव्हा कोणी सातबारा मागितला होता का? तुमचं पगारपत्रक हे एकट्या तुमच्या हुशारीचं सर्टिफिकेट नाही. त्याच्यावर वस्तीचं कर्ज आहे. वर्षातून एकदा दीक्षाभूमीवर पांढरे कपडे घालून ते फिटत नाही.

शेवटी जामीन कोण राहिलं? तीच शेजारची मावशी. तिच्या नवऱ्यानं तीस वर्षं शहर झाडलं. तो गेला, तिला पेन्शन सुरू झाली. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला पेन्शनचा कागद घेऊन ती आली. बाबूनं उलटापालटा करून पाहिला. चालला.

ह्या व्यवस्थेनं आम्हाला मनापासून दिलेली एकच पक्की नोकरी: झाडू. अन् त्या झाडूच्या पेन्शनीवर माझी सुटका झाली. मी मावशीच्या पाया पडलो. तिनं विचारलं, "आता तरी लागली का रे नोकरी?"

देशावरच्या गावगाड्यात म्हणे शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष शेवटची मानत. सरकारी वसुलीचा पैसा महार तालुक्याला पोचवी. भरल्या थैल्या घेऊन चालणारा तो माणूस वाटेत बसून भाकर खाई, पण पैशाला हात लावत नसे. तेव्हा आमच्या अंगाला शिवायचं नव्हतं, पण आमच्या शब्दावर तिजोरी सोडता येत होती. आज संविधानानं अस्पृश्यता गुन्हा ठरवली, अन् पंधरा हजारांसाठी आमचा शब्द चालत नाही!

*

हिशोब मांडू. कायद्यात प्रोबेशनची फी कुठंच लिहिलेली नाही. म्हणून ती नाही असं समजू नका.

महिन्याची हजेरी. हजेरीच्या दिवशी ठिय्यावर उभं राहता येत नाही, कारण साहेब अकराला बोलावतात आणि तीनला भेटतात. ठिय्यावर सकाळी आठनंतर माणूस उचलत नाहीत. काम मिळणाऱ्या दिवशी हजेरी आली तर पाचशेची रोजी गेली. जाण्यायेण्याचे साठ. वर्षाच्या बारा हजेऱ्या धरल्या तर सहा हजार सातशे वीस. तिकीट, टायपिंग, झेरॉक्स, नोटरी मिळून आठशे. भरपाई पाच हजार. झाले बारा हजार पाचशे वीस. ही माझी फी. पावती कुठल्याच खात्याची नाही.

ज्या महिन्यात ठिय्यावर आठ दिवस काम मिळतं, तो महिना चांगला. पावसाळ्यात बांधकामं बसतात. मग बचत गटाचा हप्ता, किराणा दुकानाची उधारी, मायची बीपीची गोळी, आणि ह्या सगळ्यांच्या वर कोर्टाची भरपाई.

नाही भरली तर? भरपाईची रक्कम दंडासारखी वसूल करता येते. अन् बाँडची अट मोडली तर नववं कलम आहे. कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. पहिलीच चूक असेल तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बाँड चालू ठेवू शकतं. हा पन्नासचा आकडा १९५८ चा आहे, अजून तसाच आहे. पण तो पन्नासही मुदतीत भरला नाही, तर पुन्हा मूळ शिक्षेचं दार उघडं. म्हणजे पन्नास रुपयांच्या एका नोटेच्या ह्या बाजूला घर आणि त्या बाजूला जेल. ज्याच्या खिशात नोट आहे त्याला हा कायदा दयाळू वाटतो. ज्याच्या खिशात नाही, त्याला त्याच कायद्याचे दात दिसतात.

कोणी म्हणेल, मारलंस तर भर. भरतो ना! भरायला नाही कोण म्हणतं? पण ज्या पोराच्या बापाचा पेट्रोलपंप आहे, त्यानं कोणाचं डोकं फोडलं तर हेच पाच हजार तो एका संध्याकाळी हॉटेलात उडवतो तेवढे. त्याला जामीनदार शोधायला पवनीला जावं लागत नाही. त्याची रोजी बुडत नाही. कागदावर शिक्षा सारखी. माझं वर्ष गेलं, त्याची संध्याकाळ गेली. ह्याला समता म्हणायचं असेल तर मनुस्मृती निदान तोंडावर तरी बोलत होती!

*

आता त्या कायद्याचं चौदावं कलम वाचा. ते कोणी वाचत नाही. प्रोबेशन ऑफिसरची कामं त्यात दिली आहेत. देखरेख ठेवणं हे एक काम. आणि लागेल तिथं त्या माणसाला योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणं, हेही काम. भरपाई भरण्यासाठी त्याला सल्ला आणि मदत देणं, हेही काम. कायद्यात लिहिलेलं आहे. भीक नव्हे, मेहेरबानी नव्हे, कलम आहे.

मी माझ्या साहेबांना विचारलं, "साहेब, चौदाव्या कलमात कामाचं लिहिलं आहे." माणूस वाईट नाही. एका टेबलावर तीन टेबलांची कामं करतो. चष्मा काढून म्हणाला, "अरे बाबा, माझ्याच खात्यातली पोरं कंत्राटावर आहेत. तुला कुठून काम देऊ?"

हे खरं उत्तर आहे. अन् म्हणूनच हा माझा एकट्याचा रडगाणा नाही. त्या कायद्याचे दोन पाय होते. एक पाय म्हणतो, ह्याच्यावर नजर ठेवा. दुसरा पाय म्हणतो, ह्याला उभं करा. नजरेचा पाय सहासष्ट वर्षांहून जास्त काळ धडधाकट चालतो आहे. उभं करण्याचा पाय जन्मतःच लुळा ठेवला. हजेरी घ्यायला हे सरकार कधी विसरत नाही. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांच्या हजेऱ्या लावल्या. १९५२ साली तो कायदा गेला. हजेरीची सवय गेली नाही.

महाराष्ट्रानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. देशात पहिला म्हणून पाठ थोपटून घेतली. पण ती हमी खेड्यातल्या हाताला. शहराच्या झोपडपट्टीतल्या हाताला हमी कशाची? हजेरीची!

*

हे दुखणं आपलंच आहे असं समजू नका. अमेरिकेत तर उघड पावती फाडतात. तिथं कित्येक राज्यांत प्रोबेशनवरच्या माणसाकडून देखरेखीची दरमहा फी घेतात. नजर आमच्यावर, भाडंही आमच्याकडून! जॉर्जिया राज्यात बेअर्डन नावाचा एक माणूस होता. घरफोडीत पहिल्यांदा सापडला. पाचशे डॉलर दंड आणि अडीचशे डॉलर भरपाई, ह्या अटीवर प्रोबेशन. आईबापाकडून उसने घेऊन दोनशे भरले. मग गालिच्याच्या मिलमधून कामावरून कमी केलं. धड वाचता येत नव्हतं, दुसरं काम मिळेना. बाकी पैसे भरले नाहीत म्हणून जेलात घातलं. १९८३ साली त्यांच्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं की प्रामाणिक प्रयत्न करूनही ज्याला भरता आलं नाही, त्याला दुसरा मार्ग न पाहता नुसत्या गरिबीसाठी तुरुंगात टाकता येणार नाही. निकाल लागला, पण फीची पुस्तकं बंद झाली नाहीत. म्हणून निकालावर विसंबून झोपू नये, एवढं तरी शिकावं.

त्याच देशातल्या काळ्या पँथरांनी १९६६ साली दहा मागण्या लिहिल्या. दुसरी मागणी रोजगाराची. आठवी मागणी जेलातल्या काळ्या माणसांच्या सुटकेची. एकाच कागदावर दोन्ही. त्यांना कळलं होतं की कामाचा प्रश्न आणि तुरुंगाचा प्रश्न हा एकच प्रश्न आहे.

आपल्या सुप्रीम कोर्टालाही हे माहीत नाही असं नाही. १९७८ साली मध्यप्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता. भावानं जामीन राहतो म्हटलं, तर भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत देश वाटणाऱ्या त्या मॅजिस्ट्रेटला झापलं. ३१ जानेवारी २०२३ ला त्याच कोर्टानं पुन्हा सांगितलं की लोकल जामीनदाराच्या हट्टापायी सुटका अडत असेल तर ती अट घालू नये. हे निकाल बेलचे आहेत, माझा बाँड प्रोबेशनचा. पण मामाजींचा सातबारा आणि मोतीरामचा भाऊ यांच्यात फरक काय? पंचेचाळीस वर्षांत तो निकाल दिल्लीहून निघाला, अजून बाबूच्या टेबलावर पोचला नाही.

२६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधानदिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंनी न्यायाधीशांसमोर गरीब कैद्यांचा प्रश्न मांडला. त्या वर्षाच्या सरकारी आकड्यांत देशाच्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी तीन शिक्षा न झालेली, खटल्याची वाट पाहणारी होती. त्या कच्च्या कैद्यांत पाचातला एक जण अनुसूचित जातीचा. मग २०२३ साली केंद्रानं योजना काढली: जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत, दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत. चांगली गोष्ट. पण कोणाला? जेलात असलेल्याला. जो बाहेर आहे, रोज ठिय्यावर उभा राहून आत जायचं टाळतो आहे, त्याला नाही. आधी आत जा, मग मदत देतो! बुडाल्यावर दोर फेकणारी ही दया आहे.

*

तेव्हा मागण्या लिहून ठेवा. अर्जासारख्या नको, मागण्यांसारख्या.

एक. बेकाराला प्रोबेशन देताना जामीनदार मागू नका. कायद्यात 'जामीनदाराशिवाय' हा शब्द आहे, तो वापरा.

दोन. भरपाई ठरवण्याआधी माणसाची कमाई विचारा. पैसे नसतील तर हप्ते द्या. त्याची मजुरी ज्यानं बुडवली, त्याच मुकादमाला भरपाई देताना ती बुडवलेली मजुरी आधी वजा करा.

तीन. हजेरी रविवारी घ्या, वस्तीत येऊन घ्या. रोजी बुडवून सुधारणा होत नाही.

चार. चौदाव्या कलमाचा हिशोब द्या. प्रत्येक जिल्ह्यानं दरवर्षी सांगावं: किती जणांवर नजर ठेवली आणि किती जणांना काम दिलं.

पाच. शहरातल्या हाताला कामाची हमी द्या. अन् ती देईपर्यंत सरकारनंच आमचा जामीनदार व्हावं. ज्यानं काम दिलं नाही, त्यानं जामीन राहावं. हा सरळ हिशोब आहे.

आणि आपल्यासाठी दोन गोष्टी. अनुसूचित जातीच्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, मागून घ्या. बाँडच्या अटी झेपत नसतील तर आठव्या कलमानं त्या बदलून मागता येतात; प्रोबेशन ऑफिसरला अर्ज करायला लावा. दुसरी गोष्ट पगारपत्रकवाल्यांसाठी. प्रत्येक वस्तीत दहा नावं तरी द्या, जी आपल्या पोरांना जामीन राहतील. दहाच. तुमचा बंगला कोणी मागत नाही. एक सही मागतो आहे.

माझ्या सहा महिन्यांचे सतरा दिवस उरले आहेत. पाच हजारांपैकी चौदाशे जमले आहेत. आठव्या कलमाचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. उद्या सकाळी मी ठिय्यावर उभा असेन, आठच्या आत. परवा हजेरी आहे.

तिथंही असेन. जातीनं.